हॅरी पॉटरच्या कव्हरांसाठी एफडी मोडू का?

प्रश्न असा आलाय, थोडक्यात सांगते. वय ३१, बडोद्यातच नोकरी, हातात पगार ६२ हजार, समा भागात आईवडिलांसोबत तळमजल्याच्या टेनामेंटमध्ये राहतात, घरखर्च आणि स्वतःचं मिळून महिन्याला ३५ हजार जातात, ५ हजाराची एसआयपी चालू आहे आणि ३ लाखाची एक एफडी. लहानपणापासून हॅरी पॉटरचं वेड. एका विक्रेत्याने पूर्ण लिस्ट पाठवलीय, १९९७ चं 'फर्स्ट एडिशन' पेपरबॅक १ लाख ३० हजार, अमेरिकन बॉक्स सेट आणि चारही हाऊसचे (गोष्टीतल्या जादूच्या शाळेतले चार गट, हफलपफ त्यातलाच एक) सेट मिळून ५८ हजार, जिम केच्या चित्रांची पाच पुस्तकं २२ हजार. टोटल २ लाख १० हजार. आणि शेवटी लिहिलंय, "ताई, घरी सांगितलंय की ही इन्व्हेस्टमेंट आहे, बरोबर ना?"

नाही हो. घरी काय सांगायचं ते तुम्ही बघा, पण मला तरी ते सांगू नका.

आधी एक जुळून आलेली गोष्ट बघा, ३५ हजार गुणिले सहा किती होतात, २ लाख १० हजार. म्हणजे तुमचा सहा महिन्यांचा इमर्जन्सी फंड जेवढा हवा बरोब्बर तेवढीच ही लिस्ट आहे, आणि ती एफडी हाच तुमचा इमर्जन्सी फंड आहे, दुसरं काही तुम्ही लिहिलेलं नाही. वडील रिटायर्ड, मेडिक्लेम फक्त कंपनीचा, तो नोकरी असेपर्यंतच. एफडी मुदतीआधी मोडली की बँक व्याजात अर्धा-एक टक्का कापते ते तर सोडाच, खरा प्रश्न हा की उद्या रात्री अकरा वाजता हॉस्पिटलने डिपॉझिट मागितलं तर तिथे तुम्ही हफलपफचा सेट ठेवणार का काउंटरवर?

आता इन्व्हेस्टमेंटचं. लोकांच्या डोक्यात ते लिलावाचे आकडे बसलेत, आणि आकडे खरेच आहेत. १९९७ च्या जूनमध्ये ब्लूम्सबरी प्रकाशनाने पहिल्या भागाची पहिली हार्डबॅक आवृत्ती जेमतेम ५०० प्रतींची काढली, त्यातल्या ३०० च्या आसपास लायब्ररीत गेल्या, म्हणजे शिक्के बसले, पोरांनी हाताळल्या, फाटल्या. म्हणून उरलेल्यांना भाव. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत अशी एक प्रत ४ लाख ७१ हजार डॉलरला गेली. पण ती महाग झाली कारण बाकीच्या कुणी जपूनच ठेवल्या नव्हत्या. आज जे पुस्तक छापतानाच कव्हरवर कलेक्टर्स एडिशन म्हणून येतं ते घेणारा प्रत्येक जण प्लास्टिकच्या आवरणात जपून ठेवतोय, मग वीस वर्षांनी ते दुर्मिळ कसं होणार? सातव्या भागाची २००७ ची अमेरिकेतली पहिली छपाईच १ कोटी २० लाख प्रतींची होती. तीही फर्स्ट एडिशनच आहे बरं का.

आणि पहिल्या भागाच्या मूळ कव्हरचं चित्र, ते लाल ट्रेनसमोर गोंधळून उभं असलेलं पोरगं, थॉमस टेलरने काढलेलं, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. हे जगात एकच. २००१ मध्ये लंडनला लिलावात ८५,७५० पाउंडला गेलं आणि २६ जून २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये १९ लाख डॉलरच्या वर. मी बसून रुपयात हिशोब केला, तेव्हाचे साधारण ५७ लाख आणि आताचे १६ कोटी, अठ्ठावीसपट. वा! पण २००१ मध्ये सेन्सेक्स साडेतीन हजाराच्या आतबाहेर होता आणि ते चित्र विकलं गेलं त्या दिवशी ७८ हजाराच्या वर, म्हणजे बावीस-तेवीसपट आणि डिव्हिडंड वेगळा. शिवाय चित्राच्या त्या किमतीत लिलाववाल्यांचं कमिशन धरलेलं आहे, विकणाऱ्याला त्याहून कमीच मिळतं, वर तेवीस वर्षांचा विमा आणि सांभाळ. म्हणजे या सिरीजमधली सगळ्यात नशीबवान वस्तू घेऊनसुद्धा माणूस सेन्सेक्सच्या मागे चालणाऱ्या साध्या इंडेक्स फंडाच्या आसपासच पोचला. तुमचे बॉक्स सेट कुठे पोचतील? आणि विकणार कुठे? खंडेराव मार्केटजवळ उभं राहून? आपल्याकडे पस्तीवाला किलोवर घेतो, कव्हर कुणाचंही असू दे.

त्या पेपरबॅकचं मात्र नीट बोलूया, कारण १ लाख ३० हजार तिथेच अडकलेत. विक्रेत्याकडून कॉपीराइटच्या पानाचा स्पष्ट फोटो मागवा. त्यावर आकड्यांची ओळ असते, १० ९ ८ ७ करत खाली येणारी, ती १ पर्यंत आली पाहिजे. ३ वर किंवा ७ वर थांबली तर ती नंतरची छपाई, कव्हर तेच असलं तरी. पहिल्या छपाईत लेखिकेचं नाव त्या पानावर जोअन रोलिंग असं पूर्ण आहे, पान ५३ वर शाळेच्या सामानाच्या यादीत '१ वाँड' दोनदा छापलंय, आणि मागच्या कव्हरवर पुस्तकाच्या नावातल्या 'फिलॉसॉफर्स'च्या स्पेलिंगमधलं एक अक्षर गळलंय. विक्रेता म्हणतो "१९९७ लिहिलंय ना" तर ते काहीच सिद्ध करत नाही, नंतरच्या छपाईतही तेच साल असतं. तुम्ही मला पाठवलेल्या फोटोत फक्त कव्हर आणि कणा आहे, आतलं एकही पान नाही, आणि इतक्या किमतीला वस्तू विकणारा माणूस नेमकं तेच पान दाखवत नाही म्हटल्यावर मला काय वाटतं ते तुम्हाला कळलं असेल. समजा खरी निघाली तरी माझं उत्तर नाहीच आहे, ६२ हजारवाल्याने दोन पगार एका पेपरबॅकमध्ये घालायचे नसतात.

हाऊस सेटबद्दल तर मला हसूच आलं. मजकूर तोच, चार रंगांची कव्हरं, सात चोक अठ्ठावीस पुस्तकं. तुम्ही स्वतःच लिहिलंय की तुम्ही हफलपफ, मग स्लिदरिनचा सेट कोणासाठी? एकच घ्या, पिवळा-काळा. अमेरिकन बॉक्समधला २०१३ चा, काझू किबुइशीच्या कव्हरांचा, तो मलाही आवडतो, सातही पुस्तकं शेजारी लावली की कण्यांवर मिळून हॉगवर्ट्सचा, म्हणजे त्या शाळेचा, किल्ला दिसतो. दिवाळी बोनसवर ठेवा.

जिम केची घ्या. हो, खरंच घ्या. फक्त एक लक्षात असू द्या, तो २०१५ पासून एकेक भाग करत होता आणि २०२२ मध्ये पाचव्यानंतर थांबला, त्या पाचव्यातही त्याच्या जोडीला दुसरा चित्रकार आहे. म्हणजे त्याच्या हातची सात कधी होणार नाहीत, सेट पूर्ण झाला पाहिजे असा ज्यांना किडा असतो त्यांना हे वर्षानुवर्षं टोचतं. विक्रेत्याच्या भावावर जाऊ नका, नवीन प्रतींची आधी चार दुकानांत चौकशी करा, आणि महिन्याला एक घ्या, पगारातून, कार्डावर ईएमआय न करता. कार्डाचं बिल थकलं की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास लागतं, त्यात मग कुठलं कव्हर सुंदर दिसत नाही.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. समा, तळमजला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा माझ्या माहेरी पाणी शिरलं, माझी पुस्तकं खालच्या कप्प्यात होती. साधी पेपरबॅक पावासारखी फुगली पण वाळवून वाचता तरी येतात. चित्रांच्या पुस्तकांना तो गुळगुळीत कागद असतो ना, तो ओला होऊन वाळला की पानं एकमेकांना चिकटून वीट होते, मी एक पान सुरीने सोडवायला गेले तर शाईचा पापुद्राच निघून आला. म्हणून आधी स्टीलचा रॅक घ्या, भिंतीला बोल्ट करून, आणि खालचे दोन कप्पे रिकामे ठेवा. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत सयाजीराव महाराजांच्या काळापासून स्टीलचेच रॅक आहेत, एकदा जाऊन बघून या, तिथली काचेची जमीनही बघा. घराचा विमा नसेल तर भारत गृह रक्षा पॉलिसी बघा, पूर त्यात येतो आणि घरातलं सामानही इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख, आपोआप कव्हर होतं. पण ते सामान म्हणून. दुर्मिळ आवृत्ती म्हणून वेगळी किंमत हवी असेल तर पॉलिसी घेतानाच विचारून लिहून घ्यावं लागतं.

तर रॅक या महिन्यात, जिम केचं पहिलं पुढच्या, एफडीला हात नाही. आईवडिलांसाठी वेगळा मेडिक्लेम किती पडतो ते विचारून मला कळवा, वय जास्त असेल तर प्रीमियम जड जाईल, मग हफलपफ थोडा मागे ढकलू. आणि सगळं करून ३०० रुपये उरले तर मराठी 'हॅरी पॉटर आणि परीस' मिळतंय का बघा, भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने काढलंय, फिलॉसॉफर्स स्टोनला 'परीस' हा शब्द ज्याला सुचला त्याला माझा नमस्कार, आणि हे तुमच्या आईलाही वाचता येईल.