गावात ताजी भाजी नेमाने मिळायला काय करावं?

तुम्ही विचारलंय की रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यातल्या आतल्या गावात आईवडील दोघंच असतात, भाजीचा टेम्पो आठवड्यातून एकदा येतो, त्यातही कांदे, बटाटे नि कोबीच. मी याच तालुक्यात बचत गटाचं काम करते, म्हणून लिहिते.

टेम्पोवाल्याची अडचण आधी बघा. माल कोल्हापूरहून अणुस्कुरा घाट उतरून येतो. आपल्या वाड्या विखुरलेल्या, घरटी गिऱ्हाईक एका जुडीचं. उरलेली मेथी दुसऱ्या दिवशी फेकावी लागते, म्हणून तो टिकणाराच माल भरतो. आमच्याकडे आदल्या संध्याकाळी अख्ख्या वाडीची यादी त्याला फोनवर सांगायला लागलो, तेव्हा पालेभाजी यायला लागली. मोबाइल नसलेल्या म्हाताऱ्या माणसांची मागणी किराणा दुकानातल्या वहीत लिहून ठेवतात. दिवस आणि वेळ मात्र ठरलेलीच हवी. माणसं एकदा रस्त्यावर ताटकळली की पुढच्या खेपेला यादी निम्मी होते.

तरी खरी ताजी भाजी गावातच पिकायला हवी. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर कुळीथ, चवळी, पावटा होतो. विहिरीला पाणी असेल तर लाल माठ, मुळा, वांगी. इकडे पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर, पण जांभ्या दगडातून पाणी झिरपून जातं नि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. पाऊस संपता संपता पऱ्यावर, म्हणजे छोट्या ओढ्यावर, सिमेंटच्या रिकाम्या गोणी मातीने भरून रचल्या नि बंधारा घातला, तर भाजीचा हंगाम लांबतो.

माझ्या मते पाण्यापेक्षाही मोकाट गुरं मळे जास्त बुडवतात. भात झाला की ती सुटतात, आणि एकट्या घराला कुंपण परवडत नाही. चार घरांनी लागून मळे केले की एका कुंपणात भागतं. वांदरांना कुंपण अडवत नाही, तिथे राखणच करावी लागते. जास्तीची भाजी त्याच टेम्पोवाल्याला द्या, तो पुढच्या वाडीत विकतो.

पावसात दरड कोसळून घाट बंद पडतो, त्या दिवसांची सोय वेगळी. मांडवावर पडवळ नि दोडकी, परड्यात अळू, रानातला टाकळा नि फोडशी. जुन्या घरांत अजून सुंभाने बांधून आढ्याला टांगलेले कोहळे दिसतात. ते कित्येक महिने टिकतात.

तुम्ही लांब असाल तर आजच गावातल्या दुकानदाराला फोन करून वही सुरू करायला सांगा. सुरुवातीला शेजारची चार-पाच घरं पुरेत.