दिवसा नोकरी करून संध्याकाळच्या क्लासने गाड्यांचा मेकॅनिक होता येतं का?

होता येईल, पण क्लाससोबत रविवारी एखाद्या गॅरेजमध्ये हात काळे करायची तयारी हवी. माझं स्वतःचं टू-व्हीलर गॅरेज आहे आणि अशी क्लास करून आलेली मुलं कामाला ठेवतो, त्यावरून सांगतो. क्लासमध्ये इंजिन उघडून दाखवतात, ते ठीक. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम) आल्यावर बहुतेक नव्या गाड्यांतून पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर गेला आणि सेन्सरच्या मदतीने पेट्रोल सोडणारं फ्युएल इंजेक्शन आलं, त्यामुळे निम्मं काम वायरिंग आणि सेन्सरचं झालंय. स्कॅनर (गाडीतला बिघाड दाखवणारं यंत्र) लावला की ऑक्सिजन सेन्सरचा एरर येतो, नवखा लगेच सेन्सर बदलायला निघतो. सीटखाली पाहिलं तर उंदराने वायर कुरतडलेली! मल्टीमीटरने (वीज मोजायच्या यंत्राने) वायर तपासायची ही सवय गिऱ्हाइकाच्या गाडीवरच लागते. म्हणून फी भरण्याआधी एवढं विचारा:

- बीएस-६ ची चालू गाडी आणि स्कॅनर प्रत्यक्ष हाताळायला मिळतो का?
- एका गाडीवर किती जण असतात?

एक मात्र लक्षात घ्या. एसटी महामंडळ किंवा मोठ्या कंपन्यांच्या भरतीत बहुतेक वेळा आयटीआयचं प्रमाणपत्र मागतात, तिथे खासगी क्लासचा कागद चालत नाही. आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेइकल ट्रेड दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा. काही आयटीआयमध्ये दुसरी शिफ्ट असते, पण ती दुपारीच सुरू होते आणि हजेरी कडक असते. दिवसपाळीची नोकरी असेल तर ते जमणं अवघड. स्वतःचं गॅरेज टाकायचं असेल तर क्लास आणि रविवारचं गॅरेजमधलं काम पुरे.