अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजमधून ईएमटी (अ‍ॅम्ब्युलन्सवर तातडीचे उपचार करणारा कर्मचारी) कोर्स नोकरी सांभाळून एका सेमिस्टरमध्ये जमेल का?

जमतं हो, पण ते चार महिने बाकी फारसं काही ठरवू नका. मी कॅलिफोर्नियात केला. तिथे कमीत कमी १७० तासांचं ट्रेनिंग लागतं, त्यातले २४ तास अ‍ॅम्ब्युलन्सवर किंवा हॉस्पिटलमध्ये आणि त्यात किमान १० पेशंट स्वतः बघावे लागतात. संध्याकाळची बॅच मिळाली तर बरं, पण अ‍ॅम्ब्युलन्सची ड्युटी १२ तासांची असू शकते म्हणून बॉसला आधीच सांगून ठेवा.

सीपीआरचं (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून जीव वाचवण्याचं) सर्टिफिकेट, लसी, टीबीची टेस्ट, बॅकग्राउंड चेक हे सगळं प्रवेशाच्या वेळीच मागतात, ऐनवेळी धावपळ नको.

पुस्तक जाडजूड आहे पण खरी कसोटी प्रॅक्टिकलची, म्हणजे पेशंटकडे बघताक्षणी श्वास चालू आहे का, रक्त वाहतंय का, नाडी कशी आहे हे ठरलेल्या क्रमानेच तपासायचं आणि प्रत्येक गोष्ट तोंडाने बोलून दाखवायची, मी घरी नवऱ्याला जमिनीवर झोपवून रोज करायचे तेव्हा कुठे हातात बसलं. घरचं कुणी तयार असेल तर तुम्हीही असंच करा.

नंतर नॅशनल रजिस्ट्री या देशपातळीवरच्या संस्थेची कॉम्प्युटरवरची परीक्षा, ती पास झालात की राज्याच्या सर्टिफिकेटसाठी अर्ज. फक्त कॉलेज पूर्ण केलं म्हणून काम करता येत नाही. आणि पगार कमी असतो, हे घरी आधीच बोलून घ्या. पण माझ्या पहिल्याच ड्युटीला एका आजींनी माझा हात शेवटपर्यंत सोडला नाही, तेव्हापासून मला दुसरं काही करावंसं वाटलेलं नाही.