सोसायटीतली पावसाचं पाणी जिरवायची व्यवस्था खरंच काम करते का, हे कसं तपासायचं?

तुम्ही विचारलंय की बाणेरच्या नव्या सोसायटीत बिल्डरने चार शोषखड्डे, पेव्हर ब्लॉक आणि एक 'रेन गार्डन' (पावसाचं पाणी जिरवायला केलेली खोलगट बाग) करून दिलंय, तरी जोराची सर आली की गेटपाशी घोटाभर पाणी साचतं. मग हे सगळं चालतंय की नुसतं दाखवायला आहे?

मी सिव्हिल इंजिनिअर आहे, बारा-तेरा वर्षं पुण्यातल्या सोसायट्यांच्या ड्रेनेजची कामं करतोय. खड्डे किती, यावरून मला काहीच कळत नाही. गेटबाहेर पाणी किती जातं आणि भरलेला खड्डा किती वेळात रिकामा होतो, एवढं सांगा.

आधी पाठकोऱ्या कागदावरचा हिशोब. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. गच्ची 1000 चौरस मीटर धरली आणि तासाभरात 30 मिलिमीटर कोसळला, तर झालं 30 हजार लिटर, म्हणजे दहा हजारी तीन टँकर. दोन मीटर लांब-रुंद-खोल खड्डा 8 हजार लिटरचा वाटतो, पण डबर-खडीने भरल्यावर पोकळीत मावतं जेमतेम 3 हजार. चार खड्ड्यांचे 12 हजार. बाकीचं त्या तासात जिरलं तर ठीक, नाहीतर ते गेटकडेच येणार. आणि ड्राइव्हवेचं पाणी तर यात धरलेलंच नाही.

जिरण्याचं म्हणाल, तर पुण्याखाली बसाल्ट आहे. वर माती, मग मुरूम, मग काळा पत्थर. मुरमात पाणी बऱ्यापैकी उतरतं. अखंड पत्थरात फटी असतील तरच, नाहीतर थेंबही नाही. कुठे पत्थर पाच फुटांवर लागतो तर कुठे वीस, एकाच प्लॉटच्या दोन टोकांनाही वेगळा. कोथरूडच्या उतारावरच्या एका सोसायटीत आम्ही झाकण उघडलं तेव्हा पाऊस थांबून तीन दिवस झाले होते आणि खड्डा काठोकाठ, वर डासांच्या अळ्या वळवळताहेत. पहारीने तळ ठोकला तर खणखणीत आवाज. दुसरा खड्डा मात्र मस्त रिकामा होत होता, फक्त त्याचं पाणी पत्थराच्या माथ्यावरून सरकून खालच्या बिल्डिंगच्या बेसमेंट पार्किंगमध्ये पाझरत होतं! कागदावर तोही 'यशस्वी'च.

म्हणून चाचणी अशी करा. खड्डा एकदा टँकरने भरून जिरू द्या, म्हणजे भोवतालची जमीन ओली होईल. कोरड्या जमिनीतला पहिला आकडा नेहमी खोटा गोड असतो. दुसऱ्यांदा भरा, खुणा केलेली काठी सोडा आणि दर अर्ध्या तासाला पातळी लिहा. 24 तासांत रिकामा झाला तर उत्तम. दोन दिवसांनंतरही पाणी असेल तर गाळ काढायला हवा, नाहीतर जागाच चुकली आहे.

रेन गार्डनचं परीक्षण फुकटात होतं. पुढच्या सरीत छत्री घेऊन खाली उतरा आणि बघा की रस्त्यावरचं पाणी त्यात शिरतंय का. मी पाहिलेल्या निम्म्याअधिक ठिकाणी बाग रस्त्यापेक्षा उंच होती आणि कडेला कर्बचा बांध. पाणी आत जाणार कुठून?

पेव्हर ब्लॉक म्हणजे पाणी जिरणारी फरशी, हा गैरसमज पुण्यात फार घट्ट आहे. साधे ब्लॉक बारीक कचेवर, म्हणजे दगडाच्या चुऱ्यावर, ठोकून बसवतात, कधी खाली चक्क काँक्रीट असतं. शंका असेल तर 30 सेंटिमीटर व्यासाची रिंग पुट्टीने चिकटवा आणि आत 18 लिटर पाणी ओता. हा साधारण 25 सेंटिमीटरचा थर झाला. खरी पाणी जिरवणारी फरशी तो काही मिनिटांत पिते. तासभर तसाच राहिला तर ती फरशी फक्त फरशीच आहे.

शेवटी गेटबाहेरचं पाणी. शेवटच्या चेंबरमध्ये 90 अंशांची 'व्ही' खाच कापलेला पत्रा बसवून घ्या. खाचेच्या खालच्या टोकापासून पाणी 5 सेंटिमीटर चढलं तर सेकंदाला पाऊण लिटर, 10 सेंटिमीटर चढलं तर साडेचार लिटरच्या आसपास. उंची पत्र्याच्या जरा मागे मोजा. गच्चीवर स्वतःचं पर्जन्यमापक ठेवा. शिमला ऑफिसचा, म्हणजे हवामान खात्याच्या पुण्यातल्या कार्यालयाचा आकडा शिवाजीनगरचा, तोही सकाळी साडेआठ ते साडेआठ असा 24 तासांचा. बाणेरला वीस मिनिटांत काय झालं ते त्यातून कळत नाही. सात-आठ सरी नोंदल्या की पडलेलं आणि बाहेर गेलेलं पाणी शेजारी-शेजारी मांडता येतं. मी सगळ्यात जास्त विश्वास या कोष्टकावर ठेवतो.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. ही व्यवस्था रोजच्या लहान-मध्यम पावसासाठी असते. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्याला आला तसा लोंढा कुठल्याही सोसायटीच्या खड्ड्यात मावणार नाही. आणि पार्किंगचं तेलकट पाणी बोअरवेलमध्ये सोडू नका, तिथे फक्त गच्चीचं, तेही पहिल्या पावसाचं वाहून जाऊ दिल्यावर आणि फिल्टरमधून.

टँकरची चाचणी मे महिन्यात उरकून घ्या. पातळीचे आकडे इथे टाकलेत तर गाळ काढायचा की नवा खड्डा घ्यायचा, ते सांगू शकेन.