ऑरोविलमध्ये अध्यात्माचा वास्तुकलेवर खरंच परिणाम दिसतो का?
हो, आणि सगळ्यात जास्त मातृमंदिरात, म्हणजे तिथल्या ध्यानासाठीच्या सोनेरी गोलाकार इमारतीत दिसतो. पुदुच्चेरीजवळचं हे गाव 1968 मध्ये श्री अरविंदांच्या सहकारी मीरा अल्फासा, म्हणजेच श्रीमाताजींनी वसवलं, आराखडा रॉजर आंजे या फ्रेंच आर्किटेक्टचा. श्री अरविंदांच्या विचारात धर्मापेक्षा चेतनेला महत्त्व, म्हणून मातृमंदिरात आत मूर्ती नाही, फुलं नाहीत, अगरबत्ती नाही, फक्त पांढऱ्या संगमरवराची खोली आणि मधे 70 सेंटिमीटरचा क्रिस्टलचा गोळा, ज्यावर छतातून आरशांनी वळवलेला सूर्यप्रकाश सरळ पडतो. बाहेरच्या सोनेरी गोलाकार इमारतीला पेलणाऱ्या चार खांबांना महेश्वरी, महाकाली, महालक्ष्मी, महासरस्वती अशी नावं आहेत, म्हणजे तत्त्वज्ञान थेट स्ट्रक्चरमध्येच आलंय! मातृमंदिर पूर्ण व्हायला 2008 उजाडलं, आणि माझ्या मते घाई न करता बांधलं तेच बरं झालं, कारण कामात तिथले रहिवासी स्वतः राबलेत.