उताराच्या प्लॉटवर कापाची माती भरावाला पुरते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राजापूरजवळ ३० × ४० मीटरचा प्लॉट, ४० मीटरच्या लांबीत ३ मीटर उतार. ठेकेदार म्हणतो वरचं कापून खाली भरू, बाहेरून माती लागणार नाही. दर मात्र डंपरच्या खेपेवर मागतोय. दोन्हींना इतक्यात हो म्हणू नका.

त्याचा हिशोब कळतो. मधल्या लेव्हलला सपाट केलं की वर १.५ मीटर काप, खाली १.५ मीटर भराव. त्रिकोणी छेद १५ चौ.मी., रुंदी ३० मीटर, म्हणजे दोन्हीकडे ४५० घनमीटर. जुळलं! पण वरची २० सेंमी मुळं-पालापाचोळ्याची माती भरावात चालत नाही, आणि जिथे भरायचं तिथूनही ती आधी काढावीच लागते. कापातून १२० गेले, उरले ३३०. भरावाला १२० वाढले, झाले ५७०. शिवाय रोलरखाली मुरूम जमिनीत होता त्याहून साधारण १० टक्के आटतो, म्हणजे ५७० भरायला जागेवरचा ६३३ लागतो. तुटवडा ३०३ घनमीटर. हा बाहेरून आणायचा तर गाडीत तो २५ टक्के फुगलेला येतो: ३७९ घनमीटर. एका ब्रासला २.८३ घनमीटर धरा, १३४ ब्रास झाले.

यावर स्वस्त उपाय एकच, तोही काम सुरू व्हायच्या आधीच करता येतो: सपाटीची लेव्हल मधल्यापेक्षा साधारण २४ सेंमी खाली धरा. हेच गणित पुन्हा केलं की काप-भराव जवळपास जुळतात. काढलेली वरची माती एका कोपऱ्यात ढीग करून ठेवा, कलमं लावताना तीच लागेल.

हे सगळं कापात मुरूम निघेल असं धरून. तुमच्याकडे आत काय आहे ते वरून कळत नाही, म्हणून आधी वरच्या बाजूला जेसीबीने तीन-चार खड्डे घ्या, कापाच्या तळापेक्षा अर्धा-पाऊण मीटर खोल. खड्ड्यात उतरू नका, बकेटमध्ये काय येतं ते बाहेरूनच बघा. कठीण जांभा लागला तर गणित उलटतं: फोडलेला जांभा दाबूनही जागेवर होता त्याहून जास्तच जागा घेतो, माल उरतो, आणि ब्रेकरच्या (कातळ फोडायच्या यंत्राच्या) तासांचं बिल वेगळं येतं. ब्रेकरचा दर आजच ठरवून घ्या, कातळ लागल्यावर नव्हे.

जांभ्याखाली पांढरट-गुलाबी, साबणासारखी बुळबुळीत चिकण माती, म्हणजे शेडी, लागली तर सावध व्हा. जांभ्याचा उभा काप वर्षानुवर्षं टिकतो म्हणून लोक निर्धास्त असतात. पण पायथ्याला शेडी असेल तर पावसात ती पाणी पिऊन बाहेर सरकते आणि वरचा जांभा अधांतरी राहतो. दरड येते ती अशी. तिथे काप उभा ठेवू नका, उतार द्या किंवा भिंतीचा आधार द्या, आणि वरच्या कडेपासून थोडं मागे पाणी अडवणारा चर काढा. शेडी भरावात टाकायचीच नाही.

भराव करताना खालच्या बाजूची भिंत आधी, माती नंतर. चिऱ्याची भिंत असो वा काँक्रीटची, तिच्यात पाणी निघायला ७५ ते १०० मिमीचे पाईप दीड-दीड मीटरवर हवेत, आणि पाईपमागे खडी. भिंत कोसळते ती बहुतेक वेळा मातीने नाही, मागे तुंबलेल्या पाण्याने.

थर सुटा असताना २० ते २५ सेंमी. रोलर पोचत नाही त्या कोपऱ्यात प्लेट कॉम्पॅक्टर, तिथे १५ सेंमीच. डंपर रिकामा करून वर जेसीबी चार वेळा फिरवला म्हणजे दाबणी झाली असं समजू नका. वरचा थर कडक दिसतो, खालचा भुसभुशीतच राहतो. ओलावा बघायची साधी रीत: मूठभर मुरूम आवळून गोळा करा आणि कंबरेच्या उंचीवरून टाका. दोन-तीन तुकडे झाले तर बरोबर, भुगा झाला तर पाणी मारा, चपटा झाला तर उन्हात पसरून वाळू द्या. ही झाली झटपट चाचणी. नोंदीसाठी लॅबमधून प्रॉक्टर (तो मुरूम दाबून जास्तीत जास्त किती घट्ट होतो ते सांगणारी चाचणी) काढून घ्या आणि जागेवर सँड रिप्लेसमेंट करा, म्हणजे थरात खड्डा घेऊन, तो वाळूने भरून घनता काढा. खडे असलेल्या मुरमात कोअर कटर (नमुना काढायची लोखंडी नळी) नीट बसत नाही. लॅबची कोरडी घनता घनसेंटीमीटरला १.९० ग्रॅम आणि जागेवरची १.८१ आली तर ९५ टक्के झालं, पुढचा थर टाका.

घर अर्धं कापावर, अर्धं भरावावर बसवू नका. बरोबर जोडावरच भेग जाते. शक्यतो घर कापाच्या बाजूला, अंगण भरावावर. नाही जमलं तर फूटिंग (पायाचा तळ) भरावातून मूळ घट्ट जमिनीपर्यंत न्या.

आता मोजणी. खेपेवर दर देऊ नका. द्यावाच लागला तर हौद आतून मोजा: ३.६ × २.१ × ०.७५ मीटर म्हणजे जेमतेम दोन ब्रास, आणि मालही सुटा. त्यापेक्षा काम सुरू होण्याआधी ५ मीटरच्या चौकटीत ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) ६३ बिंदूंची उंची घ्या, कागदावर दोघांच्या सह्या. काम संपल्यावर तेच बिंदू पुन्हा. बेंचमार्क, म्हणजे सगळ्या उंच्या ज्याच्यापासून मोजायच्या ती खूण, न हलणाऱ्या जागी घ्या, शेजारच्या जुन्या घराचं जोतं चालेल. गडग्यावर घेऊ नका, त्याचे दगड हलतात.

बाहेरून मुरूम आणावाच लागला तर प्रत्येक गाडीची रॉयल्टीची पावती आणि वाहतूक पास बघून ठेवा. विनापरवाना गौण खनिजाचा दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो.

वेळेचं म्हणाल तर भराव मेच्या मध्यापर्यंत संपलाच पाहिजे. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरतो आणि भिजलेला मुरूम मग कितीही रोलर फिरवा, दबत नाही. एप्रिलअखेर अर्ध्याहून जास्त काम बाकी असेल तर भिंत, चर आणि गटार तेवढं पुरं करा, वरच्या थराला बाहेरच्या बाजूला उतार देऊन बंद करा, आणि उरलेला भराव दिवाळीनंतर घ्या.