चिमूरचा शोध घेताना

प्रिय मुली,

1942 च्या ऑगस्टमध्ये चिमूरला इंग्रजांविरुद्ध झालेल्या उठावावर माहितीपट करायचं तू पक्कं केलंस, फार आनंद झाला. पण तुझ्या पत्रातली एक ओळ मनाला लागली. त्या वर्षीच्या पेपरांत चिमूरबद्दल फारसं सापडत नाही, म्हणजे घटना तेवढी गाजली नसावी, असं तू लिहितेस. असं मुळीच समजू नकोस. चिमूरमध्ये पोलीस-लष्कराकडून बायकांवर उठावानंतर झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून गांधीजींचे सहकारी प्रा. भन्साळी यांनी 63 दिवस उपोषण केलं. सरकारनं त्याच्या बातम्यांवरच बंदी घातली. निषेध म्हणून 6 जानेवारी 1943 ला देशभरातल्या वर्तमानपत्रांनी अंक बंद ठेवले. 12 जानेवारीला उपोषण सुटलं. तेव्हा त्यानंतरचे अंक काढ, आणि नुसती कात्रणं नको, अख्खं पान बघ. ती बंदी हाच तुझ्या फिल्मचा एक भाग आहे.

नागपूरच्या पुराभिलेखागारात ‘चंद्रपूर’ शोधू नकोस, ‘चांदा’ शोध; चिमूरच्या जिल्ह्याचं तेव्हाचं नाव तेच. आष्टीलाही तेव्हा असाच उठाव झाला होता; तिथली फाइल मागताना वर्धा जिल्हा आवर्जून सांग. बीडमध्येही आष्टी आहे, गडचिरोलीतही. फाइल हाती आली की टाइप केलेल्या अहवालावर थांबू नकोस. टिप्पण्यांची पानं वाच, समासातले शेरे वाच. वर सरकारी भाषेत ‘शांतता प्रस्थापित’ लिहिलेलं असतं आणि खाली कुणा अधिकाऱ्यानं पेन्सिलीनं शंका काढलेली असते. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही, मिळालं तर ऑगस्टनंतरच्या मृत्यूंच्या नोंदी एकेक करून उतरवून घे.

गावात मात्र भाताच्या रोवणीच्या दिवसांत जाऊ नकोस, कोणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. आणि म्हाताऱ्या माणसांना उठावाची तारीख, 16 ऑगस्ट, विचारू नकोस, ‘त्या साली नागपंचमीला काय झालं होतं?’ असं विचार. सण त्यांच्या नीट ध्यानात असतो. बायकांशी बोलताना पहिल्या भेटीत कॅमेरा बाहेर काढायचाच नाही. घरातली आजी काय सोसून गेली, हे सुनेला, नातीला माहीत असतं. सांगायचं की नाही, ते त्यांनी ठरवायचं.

आणखी एक, यात मी तडजोड करणार नाही. चिमूरच्या निवेदनाखाली मुंबईच्या लाठीमाराची फिल्म चिकटवू नकोस. त्या दिवसाचं चित्रण हाती नसेल तर कागद दाखव, माणसं दाखव, आजचा रस्ता दाखव.

उपोषणाची फाइल मिळाली की टिप्पण्यांचे फोटो पाठव. अक्षर लागत नसेल तर दोघं मिळून लावू.

तुझा,
काका